लांस नीलम

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत नीलमचा जन्म झाला, त्या घरात बायकांनी फुटबॉलविषयी बोलू नये असा काही नियम नव्हता. त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं, एवढंच. तिचे वडील विद्याधर सरनाईक दिवसा उद्यमनगरातल्या फाउंड्रीत साचे भरायचे आणि संध्याकाळी तालमीच्या फुटबॉल संघाकडून लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचाव, खेळायचे. त्यांना पेठेत सगळे आबा म्हणत, म्हणून तीही आबाच म्हणायची. मॅचच्या दिवशी घरात दुपारपासून पुरुषांची वर्दळ असे. चुलते, शेजारी, थोरला भाऊ, सगळे एकदम बोलत. नीलम आणि आई आत चहाच्या खेपा करत. मग सगळे स्टेडियमकडे निघून जात आणि घर एकदम गप्प होई. थोड्या वेळानं गच्चीवर आरोळी ऐकू यायची. त्या आरोळीवरून गोल आपला की त्यांचा, हे आई बिनचूक ओळखायची. नीलमला मात्र त्या खेळाचा रागच होता. घरातलं सगळं लक्ष तो एकटाच खाऊन टाकतो, असं तिला वाटायचं.

लग्न होऊन ती संजीव मोहित्यांच्या घरी आली. संजीव बँकेत अधिकारी. त्याला फुटबॉलचं वेड नव्हतं, क्रिकेटचंही नव्हतं. त्याला जुनी नाणी आणि गरम जेवण आवडायचं. नीलमला हे स्थळ पसंत पडलं, त्यात याचाही वाटा होता. मुलगी सावनी सहावीत गेली त्या वर्षी संजीवची बदली चेन्नईला झाली आणि बिऱ्हाड तिथल्या तिरुवल्लिकेणी भागात आलं.

पहिलं वर्ष तिला जड गेलं. संजीव सकाळी नुंगंबाक्कमच्या शाखेत जायचा, सावनी शाळेत. मुलीनं चार महिन्यांत तमिळ उचललं, इतकं की मैत्रिणींशी फोनवर बोलू लागली की आईला काही कळेना. नीलमचं तमिळ भाजीवाल्यापाशी सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. बोलायला मराठी माणूस एकच, घरमालक मधुसूदन राव. वरच्या मजल्यावर राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले, तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांची मराठी ऐकून नीलमला सुरुवातीला हसू आवरत नसे. "जेवण जालं का, अम्मा?" असं ते रोज जिन्यावरून विचारायचे आणि पुढची तीन वाक्यं तमिळमध्ये बोलून जायचे. एकदा तिनं सहज म्हटलं, की तुमची मराठी जरा वेगळी आहे. राव म्हणाले, "आमचे लोक तंजावरास येऊन तीनशें वर्षें जालीं. तुम्ही काल आलांत. वेगळी कोणाची?"

नोकरी मिळाली ती रावांमुळेच. शुक्रवारी पार्थसारथीच्या देवळात आलेली माणसं परतताना रावांकडे टेकायची. त्यांत मागच्या गल्लीतली वसंता होती. पन्नाशीची, नाकात दोन्ही बाजूंना खडे, बोलायला तुटक. नुंगंबाक्कमला एका कंपनीत ती एका गटाची प्रमुख होती. ही कंपनी जगभरातल्या खेळांची आकडेवारी तयार करून संघांना आणि टीव्हीवाल्यांना पुरवायची. रात्री झालेल्या मॅचचं चित्रण सकाळी कामाला येई. माणसांनी ते पडद्यावर बघायचं आणि प्रत्येक गोष्ट नोंदवायची: पास कुठून निघाला, कुठं पोचला, कुणी अडवला, कुणाच्या डोक्याला लागून बाहेर गेला. त्यांना फ्रान्सच्या पहिल्या दर्जाच्या लीगसाठी माणसं हवी होती. दिवसाचं काम, शिकवणी कंपनी देणार. वसंतानं नीलमला इंग्रजीत विचारलं, तुला फुटबॉल येतो का? नीलम म्हणाली, नाही. वसंता म्हणाली, बरं झालं, ज्यांना येतो ते खेळ बघत बसतात आणि काम चुकवतात.

घरी हे सांगितल्यावर संजीव बराच वेळ हसला. मग म्हणाला, जाऊन तर बघ.

जुलै बावीसमध्ये ती कामावर लागली. पहिले काही आठवडे तिला वाटलं, आपण यातून पळून जावं. डाव्या हातानं कळा दाबायच्या, उजव्या हातानं पडद्यावरच्या मैदानात जागा दाखवायची, आणि मिनिटभराचा खेळ पुढं-मागं करत दहा वेळा बघायचा. ऑफसाइड म्हणजे काय, हे तिला कागदावर कळलं आणि पडद्यावर कळेना. वसंता मागं येऊन उभी राही, चूक दाखवी आणि एक शब्दही जास्त न बोलता निघून जाई. नीलमच्या शेजारी रणवीर नावाचा पुण्याचा मुलगा बसायचा. त्याच्याकडं पॅरिसचा संघ होता, जगातले सगळ्यात महागडे खेळाडू ज्याच्याकडं आहेत तो. नीलम "मी आलो", "मी केलो" असं बोलायची, कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसं, आणि रणवीरला त्याची गंमत वाटायची. तो चेष्टा करायचा, पण मदतही करायचा. कॉर्नरच्या गर्दीत कुणाचं डोकं कुठलं हे ओळखायची खुबी तिला त्यानंच दाखवली.

संघ वाटून द्यायची वेळ आली तेव्हा मोठी नावं आधीच गेली होती. नीलमच्या वाट्याला लांस आला. उत्तर फ्रान्समधलं छोटं गाव. तिथल्या कोळशाच्या खाणी बंद पडून वर्षं लोटली होती, पण गावाचा संघ उरला होता, लाल-पिवळ्या कपड्यांचा. वसंतानं माहिती देताना सांगितलं, की लांसचं स्टेडियम त्या गावापेक्षा मोठं आहे. गावातली झाडून सगळी माणसं आत जाऊन बसली तरी खुर्च्या उरतात, आणि तरीही ते दर मॅचला भरतं. नीलमला हे ऐकून कसंसंच झालं. ती ते गाव पाहिल्यासारखी ओळखत होती.

ऑफिसात प्रत्येकाला त्याच्या संघाच्या नावानं हाक मारायची पद्धत होती, कारण एका नावाची दोन-तीन माणसं असायची. ती झाली लांस नीलम. संजीवनं हे ऐकल्यापासून तो तिला घरी लान्स नाईक म्हणू लागला आणि सकाळी डबा घेताना सलाम ठोकू लागला.

ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला. नीलमनं स्वतःला एक शिस्त लावून घेतली: मॅचचा निकाल आधी बघायचा नाही. रणवीर सकाळी येतानाच फोनवर सगळं वाचून यायचा. ती म्हणायची, निकाल माहीत असला की डोळा आळशी होतो. खरं कारण वेगळं होतं. ती पुढं काय होतंय याची वाट बघू लागली होती, आणि हे तिला स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं.

लांस हरेनात. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, तरी हरले नाहीत. नीलमला आता खेळाडू चालण्यावरून ओळखू येऊ लागले. कोण पास देण्याआधी मान वर करतो, कोण उजव्या पायावर आलेला चेंडू डाव्यावर घेतल्याशिवाय राहत नाही. आणि एक गोष्ट तिच्या हळूहळू ध्यानात आली, की ह्यातलं बरंच तिला कुणी शिकवलं नव्हतं. बॅकनं पुढं धावताना मागची जागा कुणावर सोपवायची, हे ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. चहाचे कप उचलता उचलता जे कानावर पडत होतं ते कुठंतरी साठून राहिलं होतं. तेव्हा ते नुसते आवाज होते, आता त्यांना माणसं मिळाली.

घरी जेवताना ती बोलू लागली. सावनीला सांगायची, आज आमच्या गोलकीपरनं काय केलं माहितीय का. संजीव म्हणायचा, "आमच्या?" आणि ती त्याच्याकडं दुर्लक्ष करून पुढं सांगायची. ऑक्टोबरात लांस शेजारच्या मोठ्या शहराच्या संघाकडून पहिल्यांदा हरले, एकाच गोलानं. त्या दिवशी तिनं घरी येऊन पिठलं केलं आणि कुणाशी फारसं बोलली नाही. संजीवनं मुलीला खुणेनंच सांगितलं, आज विचारू नको.

नोव्हेंबरच्या मध्यावर लीग थांबली, कारण कतारमध्ये वर्ल्ड कप सुरू होणार होता. कंपनीत नीलमला तेवढ्यापुरतं दुसरं काम दिलं, कुठल्याशा हॉकी स्पर्धेचं. तिनं ते केलं, पण जेवणात मीठ कमी पडावं तसे ते दिवस गेले. डिसेंबरात वादळ आलं, दोन दिवस ऑफिस बंद राहिलं. समुद्राकडचा वारा गल्लीत घुसून रावांच्या गच्चीवरचा पत्रा घेऊन गेला. घरात बसल्या बसल्या तिला वाटलं, तिकडं लांसमध्येही आता थंडी पडली असेल, पोरं सराव कुठं करत असतील.

लीग परत सुरू झाली आणि वर्षाच्या पहिल्याच रात्री पॅरिसचा संघ लांसला खेळायला आला. पॅरिस त्या हंगामात तोवर एकदाही हरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोमवारी वैकुंठ एकादशी होती. तिरुवल्लिकेणीत त्या दिवशी पहाटे देवळाचं वैकुंठद्वार उघडतं आणि सगळं शहर तिथं लोटतं. नीलम नेहमीच्या वेळेला घराबाहेर पडली तर गल्लीच्या तोंडापासून पोलिसांचे अडसर लागलेले. माणसांची रांग मागच्या तीन गल्ल्या फिरून आलेली. फुलांच्या गाड्या, उपाशीपोटी पहाटेपासून उभी असलेली म्हातारी माणसं, खांद्यावर झोपलेली पोरं. बस नाही, शेअर रिक्षा नाही. मधुसूदन राव जिन्यात उभे होते. ते म्हणाले, आज रजा घ्या, देव दारात आलाय. नीलम म्हणाली, आज नाही जमायचं. ती गर्दीच्या उलट दिशेनं चालत मोठ्या रस्त्यापर्यंत गेली आणि बस मिळून ऑफिसला पोचली तेव्हा साडीचा पदर चुरगळला होता आणि केसांत कुणाच्या तरी हारातली तुळस अडकली होती.

रणवीर खुर्चीत बसून होता. नेहमी बडबड करणारा पोरगा, पण आज तो काही बोलला नाही. तिला त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज आला असता, म्हणून तिनं त्याच्याकडं बघायचंच टाळलं. कानाला हेडफोन लावले आणि काम सुरू केलं.

सुरुवातीलाच लांसनं गोल केला. लगेच पॅरिसनं फेडला. नीलम एकेक पास नोंदवत गेली, घाई न करता. चेंडू पुढं सरकला की तीही सरकायची. दुसरा गोल लांसचा झाला. मध्यंतरानंतर तिसराही. तिनं चित्रण थांबवलं, पाणी प्याली, पुन्हा सुरू केलं. शेवटची शिट्टी नोंदवून तिनं हेडफोन काढले तेव्हा दुपार उलटून गेली होती. वसंता मागं उभी होती. तिनं पडदा बघितला आणि एवढंच म्हणाली, की आज तुझ्या कामात एकही चूक नाही. वसंताकडून हे ऐकायला लोक वर्षानुवर्षं थांबायचे.

त्या संध्याकाळी नीलमनं कोल्हापूरला फोन केला. आई गेल्यापासून आबा थोरल्या भावाकडं राहत होते. बापलेकीचं फोनवरचं बोलणं ठरलेलं होतं: जेवलीस का, जेवलो, पोरगी बरी आहे का, बरी आहे, मग आबा फोन वहिनीकडं द्यायचे. नोकरी लागल्याचं तिनं सांगितलं होतं, पण कसली ते सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरवर आहे, एवढंच. त्या दिवशी ती म्हणाली, "आबा, काल लांसनं पॅरिसला हरवलं. तीन-एक."

आबांनी बातमी टीव्हीवर ऐकलेली होती. ती पोरीच्या तोंडून येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "लेफ्टला कोण खेळतोय त्यांच्या?"

नीलमनं सांगितलं. तो कसा पुढं जातो, परत यायला कधी उशीर करतो आणि मग मधला माणूस सरकून त्याची जागा कशी भरतो. आबांनी आणखी विचारलं. तिनं आणखी सांगितलं. वहिनीला फोन द्यायचं त्या दिवशी राहून गेलं.

त्यानंतर दर सोमवारी फोन होऊ लागला. आबा आधी त्यांच्या पेठेतल्या स्पर्धेचं सांगायचे, मग लांसचं ऐकायचे. त्यांना लांस पटकन समजला. खाण काय आणि फाउंड्री काय, ते म्हणायचे, एकदा बंद झाली की माणसं संध्याकाळी कुठंतरी जमणारच. फेब्रुवारीत ते बोलता बोलता म्हणाले, की आता स्टेडियमच्या पायऱ्या चढवत नाहीत. गुडघा पार गेला होता. नीलमनं भावाशी बोलून ठरवलं आणि मार्चमध्ये त्यांना चेन्नईला आणलं. इथल्या एका इस्पितळात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं, आणि आबा तिरुवल्लिकेणीच्या त्या खालच्या मजल्यावर काठी घेऊन चालायला शिकू लागले.

त्यांना इथं करमणं कठीण होतं. कोल्हापुरात ऐन हंगाम चालू होता आणि ते हजार किलोमीटरवर इडली खात बसलेले. तिसऱ्या प्रहरी तिकडून त्यांचा पुतण्या फोनवर मॅच लावून द्यायचा, ती बघता बघता ते इतक्या जोरानं ओरडायचे, की मधुसूदन राव पहिल्यांदा घाबरून खाली धावत आले. दोघांची गट्टी मात्र लगेच जमली. दोघांच्याही मते समोरचा जे बोलतो ती काही मराठी नव्हे. आबा म्हणायचे, "लई उकडाय लागलंय," राव त्यांच्याकडं बघत राहायचे आणि मग नीलमला विचारायचे, की तुमच्या अप्पांस काय पाहिजे.

एप्रिलच्या मध्यावर लांसची पॅरिसशी परतीची मॅच आली, ह्या वेळी पॅरिसच्या मैदानात. लांस दुसऱ्या नंबरावर होते, पॅरिस पहिल्या. मॅच शनिवारी रात्री झाली. काम तातडीचं होतं, म्हणून वसंतानं नीलमला रविवारी सकाळी घरूनच करायची परवानगी दिली. नीलमनं जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला. आबांनी आपली खुर्ची तिच्या उजव्या हाताला ओढून घेतली. राव कॉफीचा पेला घेऊन आले आणि मागं बसले. त्यांनी आयुष्यात फुटबॉल बघितला नव्हता. आबांना तिनं आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, की पेपर वाचायचा नाही, आणि संजीवनं सकाळचा पेपर उशीखाली लपवला होता.

सुरुवात लांसची झाली. आबा गप्प बसून बघत होते. नीलमनं त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. स्टेडियममधले आबा तिला माहीतच नव्हते. ते ओरडत नव्हते. चेंडू जिथं होता तिथं ते बघतच नव्हते, त्यांचं लक्ष चेंडू पुढं जिथं जाणार तिथं असायचं. खेळ जेमतेम रंगात आला होता, तेवढ्यात लांसच्या मधल्या फळीतल्या एकाचा पाय उशिरा गेला आणि वर लागला. नीलमनं चित्रण तिथंच थांबवलं.

"गेला," आबा म्हणाले.

तिनं पुढं सरकवलं. पंचानं लाल कार्ड काढलं. लाल कार्डासाठी वेगळी कळ होती. तिला ती त्या हंगामात फार वापरावी लागली नव्हती. तिनं ती दाबली. मध्यंतरापर्यंत पॅरिसचे तीन गोल झाले. एकेक गोल तिला मागं नेऊन पुन्हा बघावा लागत होता, कोणी दिला, कोणी मारला, कोण चुकला. रावांनी हळूच विचारलं, की आतां घरी जातील काय हे लोक. आबांनी त्यांना हातानं थांबवलं.

दुसऱ्या हाफमध्ये दहा जणांचा लांस खेळत राहिला. मागं गर्दी करून बसले नाहीत. पुढं गेले, पेनल्टी मिळवली, एक गोल केला. पॅरिसला एकही करू दिला नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा नीलमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला तिनं मान खाली घातली. आबांनी ते बघितलं. ते म्हणाले, "दुसरा हाफ आपण जिंकलाय, नीलम. दहा जणांत. हे लिवलंस न्हवं?"

ती म्हणाली, "लिहिलो, आबा. सगळं लिहिलो."

मग आबांनी तिला पुन्हा काही जागा दाखवायला सांगितल्या आणि दोघं दुपारचं जेवण विसरून त्यावर बोलत राहिली. लेफ्ट बॅकनं काय करायला हवं होतं, ह्यावर त्यांचं जमलं नाही. आबांचं म्हणणं त्यानं मागंच राहायला हवं होतं. नीलम म्हणाली, मग गोल कुणी केला असता? असं त्यांना उलट विचारणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. संजीवनं शेवटी स्वतःच भात लावला आणि रावांनी वरून सांबार आणलं.

मे महिन्यात बँकेच्या बदल्या निघाल्या. संजीवचं नाव यादीत होतं, सांगलीसाठी. कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावर. तो घरी आला तेव्हा त्याच्या हातात मिठाईचा डबा होता, पण चेहरा काही धड नव्हता. त्यानं बातमी सांगितली. सावनीचं तोंड पडलं. नीलम म्हणाली, "बरं झालं," आणि आत जाऊन गॅस पेटवला. बराच वेळ त्यावर काही ठेवलं नाही.

पहिलं वर्षभर तिनंच संजीवच्या मागं लावलं होतं, काहीही करा पण घराजवळ चला. आता ती कुठल्या तोंडानं नको म्हणणार? शिवाय आबा. म्हातारा माणूस, गुडघा नवा, आपण तासाभरावर असलो तर त्यांना किती आधार. तिनं असं सगळं मनाशी मांडलं, आणि जेवताना आबांनाच म्हणाली, की आता दर रविवारी येत जाईन.

आबांनी घास खाली ठेवला. "पोरी, तू आलीस की मी चार दिस लई खूश हुईन," ते म्हणाले. "मग तू सैपाकघरात आनि मी ग्राउंडावर. परत तेच न्हवं का?"

आबा पुढं म्हणाले, की त्यांना दोन पोरं. थोरल्याशी ते चाळीस वर्षं फुटबॉलवर बोलत आलेत. धाकटीशी जानेवारीपासून बोलताहेत. तिकडं येऊन ती काय करणार आहे ते तिनं आधी सांगावं, मग त्यांना आधाराचं सांगावं. हे बोलून ते पुन्हा जेवू लागले, जसं काही झालंच नाही.

रात्री भांडी आवरताना नीलमनं संजीवला विचारलं, तुम्हाला जायचंय का. संजीव म्हणाला, त्याला वाटत होतं तिला जायचंय. त्यानं ह्या बदलीसाठी वरिष्ठांना दोनदा गाठलं होतं, ते केवळ तिच्यासाठी. त्याला स्वतःला इथली शाखा आवडायची, सकाळची कॉफी आवडायची, तंजावरच्या मराठ्यांची जुनी नाणी दाखवणारे दोन म्हातारे त्याला नुकतेच गवसले होते. नीलम ऐकत राहिली आणि मग दोघांनाही हसू फुटलं. संजीवनं मुलीच्या शाळेचं कारण देऊन बदली वर्षभर पुढं ढकलण्याचा अर्ज केला. वरिष्ठांनी त्याला चार शब्द सुनावले आणि मंजूर केला. मिठाई तोवर रावांनी संपवत आणली होती.

त्या लाल कार्डाच्या मॅचनंतर लांस हंगामभर पुन्हा हरले नाहीत. उरलेल्या सगळ्या मॅच त्यांनी जिंकल्या. नीलम आणि आबा दर वेळी शेजारी बसले; आठवड्याच्या मधल्या मॅच ती ऑफिसात करायची आणि घरी आल्यावर त्यांना पुन्हा दाखवायची. वरचे राव आता स्वतःहून विचारायचे, की आज आपली मंडळी आहे का. तिकडं पॅरिस अडखळत होतं, मध्येच हरत होतं, पण जमवलेले गुण मोठे होते. शेवटी हंगामाचा एक आठवडा उरला असताना त्यांचं विजेतेपद पक्कं झालं. शेवटच्या दिवशीचा हिशेब पुरा झाला तेव्हा पॅरिस आणि लांस यांच्यात एकाच गुणाचं अंतर होतं.

रणवीर म्हणाला, ते कार्ड नसतं तर तुमचाच होता कप. नीलमलाही तसं वाटत होतं. आबांना ते पटलं नाही. ते म्हणाले, असं प्रत्येक हरणाऱ्याला एक काहीतरी सापडतंच. वर्षभर बघ, पोरं काय खेळली. लांस आता युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत खेळणार होते, वीस वर्षांनी. गावात लोक रस्त्यावर उतरले होते, ते नीलमनं फोनवर आबांना दाखवलं. लाल-पिवळी गर्दी, फटाक्यांचा धूर, खांद्यावर पोरं. आबा तो तुकडा पुन्हा पुन्हा लावून बघत होते.

सोमवारी नीलम ऑफिसात पालकोव्याची, तिथल्या खव्याच्या मिठाईची, खोकी घेऊन गेली आणि सगळ्यांच्या टेबलावर वाटली. रणवीर म्हणाला, "मॅडम, चॅम्पियन आम्ही आहोत."

"तुम्ही काही वाटला नाहीत, म्हणून मी वाटतोय," नीलम म्हणाली. वसंतानं पालकोवा तोंडात टाकला आणि विचारलं, दुसरं आल्याचं कुणी तोंड गोड करतं का. नीलमनं आपल्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, की आमच्याकडं करतात. तसं काही कोल्हापुरात करत नाहीत, पण हे तिथं कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भाऊ आबांना न्यायला आला. आबा काठीशिवाय चालत होते. रावांनी त्यांना सुती अंगवस्त्र दिलं आणि दोघांनी एकमेकांच्या मराठीत निरोप घ्यायचा प्रयत्न केला. त्यातलं अर्धं दोघांनाही कळलं नाही. स्टेशनवर आबा नीलमला फार काही म्हणाले नाहीत. गाडीत बसल्यावर खिडकीतून एवढंच विचारलं, की नवा हंगाम कधी सुरू होतोय.

ऑगस्टमध्ये सुरू झाला. वसंतानं नव्या लोकांची एक तुकडी नीलमच्या हाती शिकवायला दिली आणि लांसही तिच्याकडंच ठेवला. पण उन्हाळ्यात त्या संघातून दोन मोठे खेळाडू गेले होते, दुसऱ्या संघांनी मोठ्या किमती देऊन नेले होते. ही बातमी आबांना पुतण्यानं दिली आणि त्यांनी सोमवारची वाट न बघता सकाळीच फोन केला. नीलम तिरुवल्लिकेणीच्या बसथांब्यावर उभी होती. आबा चिडलेले होते. असा चालता संघ कुणी मोडतं का, मधल्या फळीत आता कोण खेळणार, लेफ्टच्या त्या पोराला तरी ठेवलाय का, असे एकामागून एक प्रश्न येत होते. नीलम म्हणाली, ठेवलाय, आणि नवा एक आलाय तो बरा वाटतोय, थांबा सांगतो. तिची बस आली, रिकामी होती. तिनं कंडक्टरला हातानंच जा म्हणून खूण केली आणि आबांना त्या नव्या पोराविषयी सांगू लागली.